तीन नंबरचा बावटा

फॉर्म भरायचे पन्नास रुपये, प्रिंटचे वेगळे.
देवगड स्टँडासमोर माझं दुकान,
आंब्याच्या रिकाम्या खोक्यांवर प्रिंटर,
आणि लाईट जायच्या आत
दर दोन मिनिटांनी 'सेव्ह' दाबायची माझी खोड.

हर्षाली तारी खुर्चीच्या टोकावर बसून सांगते,
मी टाइप करते.
पहिलं पुणं. दुसरं माटुंगा. तिसरं सांगली.
कोड तिला तोंडपाठ,
गेल्या साली कुठलं दार किती टक्क्यांना बंद झालं
तेही, दशांशाच्या चौथ्या आकड्यापर्यंत.
सात झाले आणि म्हणाली, बस.

बस काय?
केवढे रकाने रिकामे आहेत अजून,
ओळीमागे पैसे घेत नाही मी.

"नको. खाली लिहिलं की तेच पदरात पडतं."

मी सांगते, तसं नसतं गं,
यंत्र वरून खाली वाचत येतं,
वरचं मिळालं तर खालच्या ओळीकडे ढुंकूनही बघत नाही.
घाटाखालचं एक टाक शेवटाला,
टेकडीवरचं, जिथे जागा उरतात.

हे सांगत नाही, की ते कॉलेज मी केलंय.
वर्कशॉपचे पत्रे गळायचे,
लेथ एकच, बाकीचे आम्ही पाळीची वाट बघत
एकमेकांच्या वह्यांत बोटी काढायचो.
सांगून काय होणार?
ती आधी माझं तोंड बघेल, मग प्रिंटर,
मग खोकी.

दारात तिचा बाप, छत्रीचं पाणी बाहेरच झटकत.
मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या,
तरी हाताला डिझेल.
इतका वेळ गप्प होता.

"गो बाय, ते वेरावळचे ट्रॉलर
काय देवगडाक येवक निघालेले?
बावटो लागलो तीन नंबरचो, म्हणान इले.
तेंका हयसर येवचाच नव्हता.
पण खाडीचा तोंड म्हायत होता."

मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

"चार दिस रवले. भाकऱ्यो भाजल्यानी धक्क्यार.
त्यातलो एक पोरगो रोज सांजचो
दीपगृहाकडे जावन बसा."

"मग?" हर्षालीने विचारलं.

"मग काय. वारो पडलो, गेले."

तिने कीबोर्ड स्वतःकडे ओढला.
मी यादी उघडून द्यायला माऊस हलवला,
तोवर तिची बोटं चालली होती.
टेकडीवरच्या कॉलेजचा कोड,
एकही आकडा न अडखळता.
कधीपासून पाठ होता कोण जाणे.

ओटीपी बापाच्या फोनवर आला.
त्याने एकेक आकडा वाचला,
दुसऱ्या होडीला ओरडून सांगावा तसा, मोठ्याने,
आणि रांगेतल्या तिघांनी माना वर केल्या.

प्रिंटरने पहिलं पान टाकलं, सात ओळींचं.
आठवी दुसऱ्या पानावर गेली,
कोऱ्या कागदावर एकटीच.
हर्षालीने पहिलं पान फाईलमध्ये ठेवलं.
दुसऱ्याची बापाने चौघडी केली,
प्लॅस्टिकच्या पिशवीत घातली,
खिशात ठेवली,
आणि छत्री उघडली.