जोसेफचा उजवा हात

सेंट सिरिल हायस्कूलची भट्टी
तळलेल्या माशांच्या पैशांतून आली.
उपासाच्या चाळीस दिवसांत दर शुक्रवारी
जिममध्ये मासे तळून विकायचे,
अशी तीन वर्षं.
पहिली सुरई भाजून निघाली तेव्हा
तिलाही तेलाचा वास येतो
असं आम्ही शपथेवर सांगायचो.

नाटकाचं सामान हलवताना
संत जोसेफचा उजवा हात मनगटापासून गेला.
कुणाचा धक्का लागला ते सगळ्यांना माहीत होतं.
शिडी मी धरली होती,
एवढंच सांगतो.

सिस्टर लुडमिला रागावल्या नाहीत.
दुसऱ्या दिवशी एकतीस जणांपुढे
मातीचे एकतीस गोळे ठेवले.
म्हणाल्या, आधी मळा. शंभर वेळा. हवा काढा.
मग हात करा.
संताचा नको,
सुताराचा करा.

राखेचा बुधवार होता.
कपाळावर सकाळची राख,
बोटांना चित्रकलेच्या तासाचा कोळसा,
घाम पुसता पुसता दोन्ही एक झालं.
खिडकीबाहेर एरी सरोवर गोठलेलं,
त्यापलीकडे पोलादाच्या कारखान्याची धुराडी,
नोव्हेंबरपासून धूर नसलेली.

कॉर्मॅकनं पियानोवाल्याची लांबसडक बोटं केली.
कुणी मूठ केली, कारण मूठ सोपी.
माझा हात हातमोज्यासारखा झाला,
आत कुणी नसलेला.

ल्युबा हॉर्न्याक खाली न बघताच करत होती.
तर्जनी अर्ध्यावर थांबवली,
मधलं बोटही.
मागून कुणीतरी म्हणालं, सिस्टर, हिची दोन बोटं कमी आहेत.
वर्ग गप्प. रोलिंग मिलमध्ये
कुणाच्या बापाचं काय गेलं
हे त्या गावात विचारायचं नसतं.
सिस्टर बराच वेळ वाकून बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, अंगठा बघा.
तिघांचं काम एकटा करतोय.

तो हात भट्टीत फुटला.
रात्री कधीतरी, तळव्यात राहिलेल्या हवेनं.
शेजारच्या फळीवरचे सहा हातही गेले,
माझा मोजा त्यातच.
ल्युबानं तुकडे डब्यात भरले,
विचारलं, परत करू?
पण शनिवारी नाटक होतं
आणि तिचा राजवाडा अजून अर्धाच रंगला होता.
त्याच आठवड्यात मूर्तींवर जांभळी कापडं चढली,
जोसेफचं तुटकं मनगट झाकलं गेलं,
आणि मला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं.

ओकोन्स्की सरांनी मला दिव्यांवर बसवलं होतं.
गाणं नाही, नाच नाही, उभं राहणंसुद्धा नीट नाही,
म्हणाले, वर जा, अंधारात बस.
तिसऱ्या अंकात चुकीचं बटण दाबलं गेलं.
राणी काळोखात, आणि प्रेक्षागृहावर
लख्ख उजेड.
चौथ्या रांगेत ल्युबाचे वडील,
रविवारचा कोट, गळ्याशी घट्ट बटण.
डोळ्यांवर उजवा हात धरला त्यांनी,
आणि जिथे बोटं नव्हती
तिथून उजेड थेट त्यांच्या चेहऱ्यावर गेला.

हेडफोनमध्ये सर ओरडत होते, बंद कर, बंद कर.
मी चार-पाच सेकंद उशीर केला.
चूक पहिली होती.
उशीर नव्हे.

मे महिन्यात कॅटलॉगमधून प्लॅस्टरचा हात आला,
पाच बोटांचा, रंगानं जरा जास्तच गुलाबी.
सिस्टरनी तो बसवला, सांधा घासला,
त्यावर एक शब्द बोलल्या नाहीत.

ल्युबा आता क्लीव्हलंडला कवळ्या बनवते.
परवा फोनवर म्हणाली,
प्लॅस्टर ढवळताना अजून मोजते,
शंभरपर्यंत, मोठ्यानं,
मदतनीस पोरं हसतात.
मग थोडं थांबून म्हणाली,
तेव्हा मी नव्वदलाच थांबले होते रे.
हात दुखत होते.