परमिट

उपकेंद्राच्या पाटीवर अजून जुन्या साहेबांचंच नाव.
रंगारी सापडत नाही म्हणे. तीन वर्षं झाली.

फोन येतो: सायबाले द्या.
बोला, मी म्हणते.
तुमी नाही हो बाई, सायबाले.

चहा कपांतून फिरतो, माझा कागदी ग्लासात.
"खास तुमच्यासाठी आणले, मॅडम. पाकीटच."

पण वैशाखात पारवा फीडर बसला की
नत्थू लाइनमन खांबाशी थबकतो,
तारेकडं बघत फोनवर विचारतो:
"बंद हाये ना? तुमीच केली ना? सोता?"

मी परमिटवर सही करते,
आडनाव न आखडता:
पंचशीला तागडे.

त्या अक्षरांवर तो वर चढतो.

संध्याकाळी परमिट परत द्यायला येतो, घशाला कोरड.
माझा माठ ओलांडून
हापशीकडं जातो.