पंधरावी आपटी

सिनेमा मुका. तरी फॉर्ममध्ये
'ध्वनिमुद्रक' असा रकाना होता, तो रिकामा ठेवता येईना,
म्हणून मी. रोज बाराशे, चहा-नाश्ता, काम काही नाही.

शार्दूल म्हणाला, शंभर वर्षांपूर्वीचा सिनेमा करतोय,
म्हणजे त्याची टिंगल, म्हणजे त्याच्यावरचं प्रेमच,
तू आपली बस त्या छत्रीखाली.
बसले. कानाला हेडफोन, काठीला माईक,
आणि समोर बिंदू चौकात
सात हवालदार, खोट्या मिशा, एकाच सायकलवर.

पाटी : थांब, रे अधमा!!!

पाट्या रंगवल्या पापाच्या तिकटीच्या नंबरप्लेटवाल्यानं.
दर चिन्हामागे ठरला होता,
म्हणून प्रत्येक उद्गार तीन-तीनदा.

तोंडावर फेकायला केक हवा होता.
प्रॉडक्शननं आणलं श्रीखंड.
पहिल्या टेकला चार किलो गेलं,
दुसऱ्या टेकला हवालदारांनीच डबा लपवला.
म्हशीनं पळायचं होतं. ती पळाली नाही.
रंकाळ्याच्या काठाला उभी राहून सगळ्या युनिटकडं
पाहुण्यांकडं पाहावं तशी बघत राहिली.
शार्दूलनं कॅमेरा सोळा फ्रेमवर आणला,
तरी पडद्यावर ती उभीच. शेपूट तेवढी जोरात.

आणि बाळगोंडा मगदूम.
वय एकसष्ट, कान चुरगळलेले, मान अशी
की कॉलरचं बटण एकदाच, लग्नात लागलेलं.
केळीच्या सालीवरून घसरायचं. आपटीला दोनशे.
"पस्तीस वर्सं, पोरी,
पाठ मातीला लागू न्हाई म्हणून मेलो.
आता फरशीला टेकायचं पैसं."
आणि हसले. पुढचे दोन दात
कुठल्याशा जत्रेतल्या आखाड्यात राहिलेले.

पडायचे फार सुंदर.
टाच, साल, दोन्ही पाय हवेत, टोपी वेगळ्या वाटेनं.
जमलेली पोरं शिट्ट्या मारत.
मला मात्र हेडफोनमध्ये बाकीचं:
आधी नाकातून ओढलेला श्वास, धोतराचा फडका,
मग धप्प, आणि त्याच्या पार तळाशी,
कुणाला ऐकू जाऊ नये इतक्या खालच्या पट्टीत,
"आठ."
"नऊ."
"धा."

पाटी : हाय!!! घात झाला!!!

चौदानंतर शार्दूल म्हणाला, बास, मिळालं.
मगदूम उठले, धोतर झटकलं, हिशेब सांगायला निघाले,
आणि तिथं साल नव्हती, काहीच नव्हतं,
गुडघाच नाही म्हणाला.
कॅमेरा बंद करायचा राहिला होता.
ही आपटी सुंदर नव्हती. हात आधी गेले,
टोपी डोक्यावरच राहिली.
माझ्या कानात एक बारीक टक्,
वाळकी शेंग फुटावी तशी.
आणि आकडा नाही. आकड्याच्या जागी जे आलं
ते मला अजून लिहिता येत नाही.

सिनेमात तीच ठेवली.
शाहूपुरीतल्या थिएटरात पडद्याखाली एक बाई पेटी वाजवत होती,
त्या जागी तिनं सगळे सूर एकदम दाबले
आणि अख्खा हॉल खुर्च्यांवर आपटून हसला.
तिसऱ्या रांगेत मगदूम, गुडघ्याला पट्टा,
सगळ्यांत मोठ्यानं.

नंतर गंगावेशीत, दूधकट्ट्यावर,
मी फाईल काढली. हेडफोन त्या कानांवर बसेना,
एका हातानं धरला. ऐकलं.
"परत लाव."
परत ऐकलं, डोळे मिटून,
वस्ताद नव्या पोराची पकड जोखतो तसं.
मग म्हणाले, "ह्येचं दोनशे दिलं न्हाईत की."

शार्दूलला फोन लावला.
काका, तो अपघात होता, तो मोजायचा नसतो.
"व्हय? मग सिनेमातनं काढ."

पलीकडं बराच वेळ काही नाही.
इकडं म्हशीची धार, पेल्यात.