चोपन्न अंशांवर आठ तास

टेप आली ती ज्वारीच्या कोठीतून,
कडुलिंबाच्या वाळल्या पाल्यात दाबलेली.
डब्यावर शाईच्या पेन्सिलीनं :
जिनिंग, रात्र दुसरी, एप्रिल चौऱ्याहत्तर.

चाकांवर चढवली तर किंचाळली.
डिंक सुटला होता तिचा,
बोटांना तपकिरी भुगा लागला.
गाण्याचा भुगा. मी तो फुंकला नाही,
कागदात बांधून ठेवला, उगाच.

भावाची अंडी उबवायची मशीन मागून आणली,
सदतीसवरचा काटा चोपन्नवर बांधला.
तो दारातच : "एवढ्यात तं पिल्लू शिजते, ताई."
बाहेर आर्वीचा मे, शेहेचाळीस.
म्हणजे वरचे आठच अंश माझ्या पदरचे.

गुणवंत ढोक भर उन्हात आले, सायकल ढकलत.
तेव्हा बास वाजवायचे,
पुढं छत्तीस वर्षं पोस्टात.
मशीनच्या काचेला नाक लावून बसले आणि सांगत गेले :
रुईच्या गठाणी रचून चार भिंती केल्या,
आवाज बाहेर जाईना, वारा आत येईना,
पुंडलिक बनियनवर ड्रम बडवते,
घामानं काड्या सुटतात हातातून.
गाणी इंग्रजी. अर्थ अर्धाच ठाऊक.
इस्माईल म्हणे, गळा तं आपला आहे नं.

मग खिशातला रुमाल काढून, घडी मोडून,
पुन्हा घडी घालत :
"पोरी, दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं.
माह्याकडून एक सूर चुकला त्यात.
तेवढा काढून टाक.
टपाल वाटताना, पंगतीत, पोरीच्या लग्नात,
कुठंबी मधातच वाजते तो."

रात्री टेप थंड झाली. लावली.
आधी झांजा आल्या, मग कुणाचं खोकणं,
मग सगळेच.

तबकडी कापायची तर खालचे सूर मधोमध आणावे लागतात,
नाहीतर खाच भरकटते, सुई उडी मारते.
तेवढ्यासाठी ते वेगळे काढले.
तिसरं गाणं. दोन मिनिटं अकरा सेकंद.
बास सरळ होता.
विहिरीत सोडलेल्या दोरासारखा, खालपर्यंत सरळ.

तीनदा ऐकलं.
मग वरचे सूर एकटे लावले.
गिटारची एक तार उतरली होती,
उकाड्यानं, अर्ध्या सुरानं,
इस्माईलची.

मी काही बोलले नाही. हेडफोन त्यांच्या कानांवर ठेवले.
त्यांच्या डाव्या हाताची बोटं टेबलाच्या कडेवर
जागच्या जागी दाबत गेली.
अकराव्या सेकंदाला थांबली.
गाणं संपलं, टेप चालूच होती,
आणि त्या कापसाच्या खोलीतून
इस्माईल, चोवीस वर्षांचा, हसत :
"चालते बे. कोण आयकते."

ढोकांनी हेडफोन काढले, पुन्हा घातले.
"त्याले माहीत होतं का मंग?"
मला काय माहीत असणार.
इस्माईल काझी जाऊनही आता तीस वर्षं झाली.

मी म्हटलं, सूर झाकता येईल.
बोलणं ठेवलं तर बाजू लांबते,
सगळाच आवाज थोडा हळू कापावा लागेल.

"हळू तं हळू," म्हणाले.
"काही काढू नको. लाव अजून एकडाव."

पहाटे मशीन परत करायची होती.
काटा सदतीसवर आणला
आणि आत हात घालून बघितलं,
निवली का.