घराचा वण

ओहोटी लागली की शुर्शो गुडघ्यांवर येतो.
खडकावरच्या प्रत्येक लिंपेटच्या पाठीवर
नेलपॉलिशचा ठिपका आणि आकडा:
सतरा पिवळे, नऊ जांभळे,
एक बिनरंगाचा, बाटली संपली म्हणून.

स्पेनचा वायव्य कोपरा. नकाशात याचं नाव
मृत्यूचा किनारा.
इथली माणसं नुसतं "खाली" म्हणतात.
खाली चाललोय, जेवण झाकून ठेव.

लिंपेट म्हणजे पेराएवढी एक टोपी,
आत एक पाय
आणि जिभेवर लोखंडी दातांच्या रांगा.
भरतीत सुटतो, हातभर लांब जातो,
शेवाळ खरवडतो,
पाणी उतरायच्या आत परततो
त्याच जागी, त्याच कोनात,
दगडाच्या त्या खळगीत
जी त्याच्याच कडेनं घासून घासून झालीय.
शुर्शोच्या वहीत तिला म्हणतात
घराचा वण.

काल आम्ही ब्रशनं त्याची वाट धुतली.
चिकट माग पुसून टाकला, एक वीत.
रात्री दोनला, लाल टॉर्चच्या उजेडात,
पिवळा अकरा आला
आणि माग तुटला तिथं थांबला.

मी लिहिलं, विचारात पडला.
शुर्शोनं खोडलं. थांबला. चार मिनिटं.

मग निघाला आणि घरी गेला.
("घरी"ही खोडलं.)

वर्षभर मी अशीच क्रियापदं धुतेय.
शोधतो नको, सरकतो.
परततो नको, विस्थापन, अठ्ठावीस सेंटिमीटर.
"साठी" तर साफ बंद:
कवच रक्षणासाठी नसतं,
कवच असतं,
आणि ज्यांना नव्हतं ते उरले नाहीत.
मान्य.
पण शुर्शो, तू रात्री दोनला
या ओल्या दगडावर कशाला बसलायस?
"पगारासाठी," तो म्हणाला,
आणि तो बंद केलेला शब्द
थर्मासच्या वाफेबरोबर हवेत गेला.

पहाटे दोरिंदा खाली आली. सत्तरीची,
कमरेला दोर, हातात खडकावरून शिंपले
खरवडायची पट्टी. मूठ लाकडी.
आमचा वाद तिनं ऐकून घेतला,
मग मूठ माझ्या हातात दिली.
"आईची. तिच्या अंगठ्यानं झिजलेली.
पहिली दहा वर्षं माझा अंगठा दुखायचा.
मग थांबलं.
लाकूड बदललं की मी,
ते काही मला सांगता येणार नाही."

माझा अंगठा त्या खोलगटात ठेवून पाहिला.
टोचलं.

माझ्या भाषेत, मी शुर्शोला सांगू लागले
माझ्या मोडक्या गालेगोत,
आम्ही सहसा "मी जाणते" म्हणत नाही.
मला कळतं. मला आठवतं.
भूकसुद्धा कुठून तरी येऊन लागते.
मी तिथं असते, पण कडेला,
अंगावर "ला" पांघरून.
तर असं लिहूया का:
पिवळ्या अकराला घर कळतं?

"म्हणजे करतं कोण?"
कुणी नाही.
"मग होतं कुणाला?"
त्याला.
तो बराच वेळ गप्प राहिला.
मी घड्याळ पाहिलं नाही.

उजाडता उजाडता सगळे आपापल्या जागी.
सतरा. नऊ.
आणि तो बिनरंगाचा, ज्याची नोंदच नव्हती:
कवचाला उजवीकडे एक कपचा उडालेला,
आणि दगडाला नेमका तिथंच
तेवढाच उंचवटा.
एकाची उणीव दुसऱ्यानं भरलेली.
शुर्शोनं लिहिलं, तोच.

कशावरून? मी विचारलं.
ना ठिपका, ना आकडा.

"बसतोय ना," दोरिंदा म्हणाली,
टोपली उचलली,
आणि पायऱ्या चढून गेली,
एकदाही खाली न बघता.