एकच रेघ

हुक्केरी मॅडम कायदा शिकवायच्या शनिवारी,
शेवटच्या तासाला,
अर्ध्या वर्गाला आटपाडीची गाडी गाठायची असायची तेव्हा.
"खाडाखोड नको. चुकलं तर एकच रेघ मारा, आडवी.
खालचं वाचता आलं पाहिजे.
शेजारी सही, तारीख, वेळ.
जिच्या पर्समध्ये व्हाइटनर सापडेल
तिनं घरी जाऊन शिवणक्लास लावावा."
आम्ही हसायचो. तबस्सुम नदाफ
न चुकताच रेघा मारून बघायची वहीत.

निष्काळजीपणाची व्याख्या मी पाठ केली
सांगली-मिरज बसमध्ये, दांड्याला लोंबकळत:
कर्तव्य होतं, ते मोडलं, इजा झाली,
आणि ती मोडल्यामुळंच झाली.
चारांतलं एक सुटलं तरी दावा पडतो.
परीक्षेत मात्र तीन आठवले तरी दोन मार्क मिळतात.

खाट नंबर चौदा. मायाप्पा ऐनापुरे, वय बासष्ट.
हळद बाजारात हमाल. हर्निया.
तीनदा हात धुऊन आले तरी चादरीला पिवळं लागलेलं.
रात्री साडेनऊला डॉक्टर फॉर्म ठेवून गेले,
"अंगठा घेऊन ठेवा, सकाळी पहिली केस."
इन्चार्ज सिस्टर आयसीयूत अडकलेल्या.
मी नोंदवहीत आधीच लिहून टाकलं:
ऑपरेशनची संमती घेतली. ९.४०.
काम उरकल्यासारखं वाटतं असं लिहिलं की.

मग जांभळं पॅड उघडलं, त्यांचा अंगठा धरला.
त्यांनी हात ओढून घेतला नाही.
टेकवलाही नाही.
"काय लिवलंय यात, पोरी?"
"ऑपरेशनचं आहे, आजोबा."
"ते कळलं. लिवलंय काय?
बाजारात हमालीची पट्टी वाचून घेतल्याबिगर
मी अंगठा उठवत न्हाई. दिवाणजी कटाळतो.
चाळीस वर्सं झाली, कटाळतोय."

वाचायला लागले.
मराठीच होतं, पण कुणाच्या घरात बोलत नाहीत तसलं.
तिसऱ्या ओळीत आलं:
*मला समजेल अशा भाषेत सर्व धोके समजावून सांगण्यात आले आहेत.*
तिथं थांबले.
"कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.
भांडायला नाही. खरंच माहीत नव्हतं त्यांना.

मला सांगता आलं असतं थोडंफार.
पण मॅडमचा शनिवार आठवला:
शस्त्रक्रिया समजावणं डॉक्टरांचं काम,
तुम्ही साक्षीदार.
साक्षीदारानं काहीतरी पाहिलेलं असावं लागतं.

फोन केला. हात थरथरत होता, खोटं कशाला बोलू.
अकराला डॉक्टर आले, डोळे तांबडे,
स्टुलावर बसले,
सलाईनच्या खोक्यावर पोट काढलं, भोक काढलं, जाळी काढली.
चित्र बरं होतं.
मायाप्पांनी एकच विचारलं,
"पोती?"
"तीन महिने अजिबात नाही. नंतरही शंभर किलोचं नको."
वॉर्डातला पंखा तेवढा बोलत राहिला.
"लेकीला इचारतो. कवलापूरला असती.
सकाळच्याला सांगतो."
डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. मी फॉर्मकडं.
त्याच्या कोपऱ्यावर अंगठा उठला होता,
शाईचा नाही, हळदीचा,
नुसता कागद धरल्याचा.

वही ओढली. संमती घेतली
या दोन शब्दांवर एकच रेघ मारली.
सही. तारीख. ११.२५.
खाली लिहिलं: डॉक्टरांनी माहिती दिली.
रुग्णाने सकाळपर्यंत वेळ मागितला.
पेन दाबून लिहिलं, मागच्या पानावर उमटेल इतकं.

सातला ड्युटी सुटली. पुढं काय ठरलं
ते माझ्या पाळीत नव्हतं.
फाटकाशी डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एकजण,
हातही तसेच पिवळे:
"चौदा नंबरच्या मायाप्पाला काय निघालं, सिस्टर?"
"त्यांनाच विचारा."
"आमच्या टोळीतला हाय की! आमच्यात कसली लपवालपवी?"
"त्यांनाच विचारा, काका."
तो पुटपुटत आत गेला.

बस आली. जागा मिळाली, खिडकीची.
अंगठ्याला जांभळं लागलं होतं, माझ्याच.
डोळे मिटले तर ती रेघ दिसायची,
आणि रेघेखाली, स्वच्छ अक्षरात,
*घेतली*.