उघडी वायर

भास्करने यंदा सांगून टाकलं,
शेंगाचटणीत तेल कालवता कालवता,
की पंचवीस डिसेंबर हा प्रभूचा दिवसच नव्हे.
रोममधल्या कुठल्याशा सूर्यदेवाचा तो वाढदिवस,
आपण पिढ्यान्‌पिढ्या भलत्याच पाळण्याची दोरी ओढतोय.
जुळे सोलापुरातल्या त्याच्या नव्या मंडळीत
नाताळ नाही, झाड नाही, चांदणी नाही.
सुवार्ता मान खाली घालून भाकरी मोडत राहिली.
कडक भाकरी. प्रत्येक तुकड्याचा आवाज झाला.

माझ्या ओठांवर आलं होतं, की बाबा रे,
तुझं नाव काय?
अप्पा रात्रपाळीहून आले तेव्हा नुकतं उजाडत होतं, तू रडत होतास,
म्हणून ठेवलं ते.
आणि ज्या वारी तू प्रार्थनेला जातोस, तो वार कुणाचा?
पण सव्वीस वर्षं मी सिव्हिलला नर्स होते.
कुठे दाबलं की दुखतं ते माहीत असलं
की हात आपसूक दुसरीकडे पडतो.
मी विचारलं, ताक देऊ का अजून?

आजोबांनी सोडलं ते एका दुपारी सोडलं:
देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून
सीनेच्या पाण्यात.
करंजीची मुरड मात्र कुणी नदीत टाकली नाही,
ती बोटांत होती.

अप्पा आम्हाला गड्ड्याला न्यायचे.
पाळण्यात बसायचं, चिक्की खायची,
नंदीध्वज आले की रस्त्याच्या कडेला उभं राहायचं.
बघायचं. वाकायचं नाही.
एवढाच नियम, तोही एकदाच सांगितलेला.
रेघ कुठे जाड, कुठे पुसट,
हे त्यांना कुणी शिकवलं होतं कोण जाणे.
भास्करला आता रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची हवी.
मला त्याचा राग येत नाही असं नाही.
पण खोटं वाटलं ते तोंडावर खोटं म्हणायचं,
ही खोड त्याने अप्पांकडूनच उचलली.

चांदणीचा सांगाडा अजून अप्पांचाच आहे.
बुरुडाकडच्या कामट्या, सांध्यांवर
मिलमधल्या चादरीचं लाल सूत.
कागद मी दरवर्षी नवा लावते.
मिल गेली, भोंगा गेला, गाठी सुटल्या नाहीत.

चोवीस तारखेला संध्याकाळी ती लागेना.
रेल्वे लाईन्समधली बाकी सगळी घरं उजळली,
मी स्टुलावर, गुडघे थरथरतायत,
आणि हा माझ्या बीपीच्या गोळ्या द्यायला आला.
वर बघितलं. जन्म वायरमनकीत गेलेला माणूस.
"वायर उघडी आहे. चिकटून मरशील. उतर खाली."
चपला काढून चढला.
दाताने वायर सोलली, पीळ दिला, टेप गुंडाळली.
मी स्टूल धरून उभी.
दोघांपैकी कुणीही रोमचं नाव काढलं नाही.
"लाव आता," म्हणाला,
आणि मी बटणापर्यंत पोचायच्या आत
पाठ करून स्कूटरपाशी गेलासुद्धा.

उजेड त्याच्या पाठीवर पडला. तांबडा.
तो बराच वेळ खिशात किल्ली चाचपत उभा होता.
किल्ली स्कूटरलाच होती.

अठ्ठावीसला सुवार्ता रिकामा डबा घेऊन आली.
"ते म्हणाले, सण सरला,
आता ती नुसती करंजी आहे."
मी अठरा बाजूला काढून ठेवल्या होत्या.
एक कमी पडली, ती दारात अबीगेलने खाल्ली.

ईस्टरचा विषय अजून निघालेला नाही.